ट्युनिशियन क्रोशे : लांब सुईच्या विणकामाची तोंडओळख

निवासी शाळेच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, चळवळ आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशोगाथा यांच्या शेजारी विणकामावरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. काहींच्या मनात एक रास्त प्रश्नही उभा राहील. बाबासाहेबांनी आम्हांला चरख्याकडे आणि खेड्यातील जुन्या धंद्यांकडे परत जा असे कधीही सांगितले नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आणि माणसाला पशूसारख्या कष्टातून सोडवून संस्कृतीसाठी सवड देणारे साधन म्हणून यंत्राकडे पाहिले. मग त्यांच्या विचारांवर चालणाऱ्या शाळेत मुलामुलींच्या हाती सुई कशासाठी द्यायची? या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून प्रथम ही कला काय आहे व ती कशी सुरू करावी हे आम्ही सविस्तर सांगतो, आणि शेवटी त्या प्रश्नाकडे वळतो.

आपल्या घरांतून क्रोशाचे विणकाम अपरिचित नाही. लग्नातील रुखवतात मांडलेले रुमाल, दारावरचे तोरण, टेबलावरचे गोल आसन, बाळाची कानटोपी या वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या आई-मावशीने विणलेल्या आहेत. साखळी, मुका खांब, खांब हे शब्दही त्यांच्या तोंडी सहज असतात. दोन सुयांवर सुलट-उलट टाके घालून स्वेटर विणणाऱ्या भगिनीही पुष्कळ आहेत. ट्युनिशियन क्रोशे हे या दोन्हींच्या मधले विणकाम होय. त्याची सुई क्रोशासारखी टोकाला आकडा असलेली, पण विणकामाच्या सुईसारखी लांब असते. नेहमीच्या क्रोशात एक टाका पूर्ण करून मगच पुढचा घेतला जातो. सुईवर एका वेळी सहसा एकच टाका उरतो. येथे मात्र संपूर्ण ओळीचे टाके प्रथम सुईवर गोळा करायचे आणि नंतर ते एकेक करून उतरवायचे असतात. तयार होणारे कापड जाड, घट्ट व उबदार असते. पौष-माघातील थंडीत पहाटे बुद्धवंदनेला बसणाऱ्या वसतिगृहातील मुलांना अशा विणीचा मफलर किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सुई आणि आपली परंपरा

भिक्खूला जवळ बाळगण्याची अनुज्ञा असलेल्या आठ वस्तूंना अट्ठपरिक्खार म्हणतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळण्याचे साधन आणि सुई अशी ती यादी आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाकडे काय असावे, तर त्यात सुई आहे, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावणारी वाटते. आपले वस्त्र आपण शिवावे, फाटले तर आपणच सांधावे, त्यासाठी दुसऱ्या कोणाला राबवू नये, असा तिचा साधा अर्थ आहे. विनयपिटकात सुईच्या डबीसंबंधीही नियम आहे. ती हाड, हस्तिदंत किंवा शिंग यांची असू नये.

वर्षावासानंतर होणाऱ्या कठिन चीवरदानाचा समारंभ आपण दरवर्षी साजरा करतो. त्यातील 'कठिन' या शब्दाचा मूळ संबंध चीवर शिवताना कापड ताणून धरण्याच्या चौकटीशी आहे. चीवराच्या रचनेची कथाही आमच्या धानपट्ट्यातील वाचकांना जवळची वाटावी अशी आहे. मगधातील भातशेते, त्यांचे चौकोनी तुकडे आणि मधले बांध पाहून तथागतांनी आनंदाला तशाच रचनेचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदाने ते तयार केले, असे विनयात सांगितले आहे. पावसाळ्यात रोवणी झालेल्या बांध्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. मंगलसुत्तात जी अडतीस मंगले सांगितली आहेत, त्यांत बहुश्रुततेबरोबर शिल्पाचाही, म्हणजे हाताच्या कौशल्याचाही, समावेश आहे.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनेही सूत आणि विणकाम परके नाही. मोहाडी-आंधळगावचा कोसा आणि पवनीचे विणकाम प्रसिद्ध आहे. जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर भागात महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे कापड विणत असत, याची नोंद ब्रिटिशकालीन ग्रंथांत आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढील काळात गिरणीच्या कापडापुढे हे हातमाग टिकले नाहीत. त्यातील पुष्कळ माणसे गिरणीत कामाला लागली. तेव्हा धागा हा आपल्या पूर्वजांच्या श्रमाचा एक भाग आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

नावाचा इतिहास

इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही नावावर चटकन विश्वास ठेवू नये. ट्युनिशियन या नावावरून हे विणकाम उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया देशात जन्मले असे वाटते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. हाच प्रकार 'अफगाण क्रोशे' या नावाने ओळखला जातो. त्याचाही उगम अफगाणिस्तानात झाल्याचे सिद्ध झालेले नाही. लोकरीच्या विणलेल्या पांघरुणाला इंग्रजीत अफगाण म्हणतात, त्यावरून ते नाव रूढ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात हे विणकाम फार लोकप्रिय झाले. तेव्हाच्या पुस्तकांतून त्याला ट्रायकोट, रेल्वे विणकाम, मेंढपाळी विणकाम अशी अनेक नावे मिळाली. इंग्लंडच्या राणीची मुलगी १८५८ मध्ये प्रशियाच्या राजपुत्राशी विवाहबद्ध झाली, तेव्हा तिच्या नावानेही हा टाका ओळखला जाऊ लागला. राजघराण्याचे किंवा दूरच्या देशाचे नाव दिले की नमुना अधिक खपतो, हे तेव्हाच्या प्रकाशकांना चांगले ठाऊक होते. या टाक्याला 'मूर्खांचा टाका' असेही एक हिणवणारे नाव होते. कारण काय, तर तो शिकायला सोपा! जे सोपे आहे व सर्वांना जमते, त्याला कमी लेखण्याची वृत्ती जगात सर्वत्र आढळते. आमच्या दृष्टीने मात्र सर्वांना जमणे हाच या टाक्याचा मोठा गुण आहे.

सुईची निवड

या विणकामाच्या सुया तीन प्रकारच्या असतात.

पहिली सरळ लांब सुई. तिची लांबी साधारणपणे २५ ते ३५ सें.मी. असते. एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला गोळी किंवा बोंड असते, म्हणजे गोळा केलेले टाके मागून घसरत नाहीत. नेहमीच्या क्रोशाच्या सुईला मध्यभागी अंगठा टेकण्यासाठी चपटा भाग असतो. या सुईला तो नसतो. टाके सुईवरून पुढेमागे सहज सरकले पाहिजेत आणि सर्व टाके एकाच मापाचे राहिले पाहिजेत, म्हणून तिची जाडी टोकापासून शेवटपर्यंत सारखी ठेवलेली असते. नवशिक्याने हीच सुई घ्यावी.

दुसरी लवचीक दोरीची सुई. पुढे आकड्याची आखूड सुई व मागे प्लास्टिकची लवचीक नळी असते. पांघरूण, शाल अशा रुंद कामात शे-दीडशे टाके सुईवर येतात. त्यांचे वजन या दोरीवर राहते आणि मनगटावर ताण येत नाही.

तिसरी दोन्ही टोकांना आकडा असलेली सुई. दोन गुंडे वापरून टोपी किंवा मोजा यांसारखे गोल विणकाम करण्यासाठी ती लागते. पहिल्या वर्षी तिची गरज नाही.

सुईच्या जाडीविषयी एक नियम लक्षात ठेवावा. ज्या लोकरीसाठी नेहमीच्या क्रोशात जेवढी सुई लागते, तीपेक्षा येथे १ ते २ मि.मी. जाड सुई घ्यावी. लोकरीच्या वेष्टनावर ४ मि.मी. लिहिले असेल तर ट्युनिशियन विणीसाठी ५.५ किंवा ६ मि.मी. ची सुई योग्य. बारीक सुई घेतल्यास कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. दुकानात सुया मागताना मिलिमीटरमध्येच माप सांगावे, कारण विणकामाच्या सुयांचे जुने नंबर उलटे चालतात. नंबर जसा लहान, तशी सुई जाड. त्या पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मि.मी. आणि ४ नंबर म्हणजे ६ मि.मी. होय.

लहान गावात लांब सुई मिळाली नाही म्हणून काम अडवू नये. अंगठ्याचा चपटा भाग नसलेली, सरळ दांडीची साधी क्रोशाची सुई घ्यावी आणि मागच्या टोकाला रबर गुंडाळावे. दहा-बारा टाक्यांचा सराव तिच्यावर उत्तम होतो. आपल्या भागात बांबूला तोटा नाही. चांगल्या वाळलेल्या बांबूची कामटी गोल तासून, एका टोकाला धारदार चाकूने आकड्याची खाच पाडून आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत घासून सुई तयार करता येते. खाचेचा कोणताही कोपरा बोटाला टोचत असेल तर तो धाग्यालाही अडकणार, हे समजावे. चाकूचे काम मोठ्यांनीच करावे.

लोकर

बाजारात लोकर म्हणून जे मिळते, ते बहुधा ॲक्रिलिक असते. शिकण्यासाठी ते पुरेसे आहे. मध्यम जाडीची, गुळगुळीत व फिकट रंगाची लोकर निवडावी. काळ्या किंवा गडद निळ्या रंगात टाके दिसत नाहीत. केसाळ लोकरीत चुकलेला टाका उसवता येत नाही. सुती धागा न ताणणारा असल्याने त्यावर नवशिक्याची बोटे लवकर दुखतात. कोशाचा धागा आपल्या जिल्ह्याचे वैभव खरे, पण तो महाग व निसरडा. हात बसल्यावरच त्याच्याकडे वळावे.

पहिला नमुना

प्रथम २० टाक्यांचा एक चौकोन विणावा. नेहमीच्या क्रोशाप्रमाणे सरकगाठ घालून २० साखळ्या सैल हाताने घ्याव्यात. यानंतरच्या प्रत्येक ओळीचे दोन भाग असतात. एक जाण्याची फेरी आणि दुसरी परतीची फेरी. दोन्ही मिळून एक ओळ होते. काम कधीही उलटायचे नाही. सुलट बाजू शेवटपर्यंत आपल्याकडेच राहते.

पायाची जाण्याची फेरी : सुईवर असलेला टाका हा पहिला टाका मोजावा. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालावी, धाग्याचा वेढा घेऊन तो साखळीतून ओढून घ्यावा व तो टाका सुईवरच ठेवावा. पुढच्या प्रत्येक साखळीतून असाच एकेक टाका वर घ्यावा. शेवटी सुईवर २० टाके असले पाहिजेत. येथे थांबून मोजावे.

परतीची फेरी : सुईवर वेढा घ्यावा आणि तो फक्त एका टाक्यातून ओढावा. यानंतर पुन्हा वेढा घ्यावा आणि तो दोन टाक्यांतून ओढावा. सुईवर एकच टाका उरेपर्यंत 'एक वेढा, दोन टाके' हा क्रम चालू ठेवावा. आरंभीचा तो एकटा वेढा विसरल्यास डावी कड आखडते आणि काम तिरपे होते.

आता कापडाकडे नीट पाहिल्यास समोर उभ्या दांड्यांची रांग दिसेल. पुढील सारे विणकाम या दांड्यांवर चालते.

साध्या टाक्याची ओळ : सुईखालची पहिली दांडी सोडून द्यावी, कारण सुईवरचा टाका हाच तिच्यावरचा टाका आहे. दुसऱ्या दांडीखालून उजवीकडून डावीकडे सुई घालावी, वेढा घेऊन टाका वर ओढावा व सुईवर ठेवावा. असे शेवटपर्यंत करावे. डावीकडच्या अगदी शेवटच्या टाक्यात मात्र समोरची दांडी व तिच्या मागचा धागा असे दोन्ही पदर उचलावेत, म्हणजे कड भक्कम व सरळ येते. पुन्हा २० टाके मोजावेत आणि वर सांगितल्याप्रमाणे परतीची फेरी करावी. नमुना चौकोनी होईपर्यंत हेच करीत राहावे.

टाके बंद करणे : शेवटच्या परतीच्या फेरीनंतर पुढच्या दांडीखालून सुई घालावी, वेढा घ्यावा आणि तो दांडीतून व सुईवरच्या टाक्यातून एकदमच ओढून घ्यावा. ओळभर असे केल्यावर धागा कापून शेवटच्या टाक्यातून ओवावा.

डावखुऱ्या मुलांनी हेच काम आरशात पाहिल्याप्रमाणे उलट दिशेने करावे. त्यांना उजव्या हाताने विणायची सक्ती करू नये.

नेहमी होणाऱ्या चुका

टाके कमी होत जाणे ही सर्वांत सामान्य चूक होय. बहुतेक वेळा शेवटची दांडी कडेला दडलेली असते आणि ती राहून जाते. टाके वाढत असतील तर पहिली दांडी न सोडता तिच्यातूनही टाका घेतला जात आहे, असे समजावे. दोन्हींवर उपाय एकच. प्रत्येक जाण्याच्या फेरीनंतर टाके मोजणे. मोजण्याचा कंटाळा केला तर दहा ओळी उसवाव्या लागतात.

दुसरी अडचण म्हणजे कापड गुंडाळले जाणे. नवशिक्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले, पण हा या विणीचा स्वभाव आहे. समोर एक पदर आणि मागे परतीच्या फेरीची जाड वीण, असा दोन बाजूंचा ताण सारखा नसल्याने कडा आत वळतात. त्यासाठी सुई जाड घ्यावी, हात सैल ठेवावा आणि पहिल्या एक-दोन ओळी पुढे सांगितलेल्या उलट टाक्याने विणाव्यात. काम संपल्यावर चारही बाजूंनी मुक्या खांबाची एक किनार घालावी, नंतर कापड ओलसर करून टाचण्यांनी सपाट ताणून वाळू द्यावे. ॲक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नये, वीण कायमची मरते.

पुढचे दोन टाके आणि पहिली वस्तू

साधा टाका हाती बसला की आणखी दोन टाके शिकावेत. सुलट टाक्यासाठी सुई दांडीखालून न घालता, उभ्या टाक्याच्या पुढच्या व मागच्या पदरांमधून समोरून थेट मागच्या बाजूला काढावी. याने दोन सुयांवरच्या सुलट विणीसारखे कापड दिसते, पण ते अधिक जाड असते. उलट टाक्यासाठी धागा प्रथम कामाच्या पुढे आणावा, मग साध्या टाक्याप्रमाणेच दांडीखालून सुई घालून वेढा ओढावा. परतीची फेरी सर्वांची सारखीच. रंग बदलायचा असल्यास परतीच्या फेरीत शेवटचे दोन टाके उरले असता नवा रंग घ्यावा, म्हणजे पुढची ओळ स्वच्छ नव्या रंगाने सुरू होते.

पहिली वस्तू म्हणून मफलर उत्तम, कारण त्यात टाके वाढवणे-घटवणे नाही. आधी केलेल्या चौकोनावर मोजपट्टी ठेवून १० सें.मी. मध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. समजा १६ टाके आणि १४ ओळी बसल्या. मफलर सुमारे १६ सें.मी. रुंद हवा असेल तर २५ किंवा २६ टाके लागतील. १५० सें.मी. लांबीसाठी २१० ओळी लागतील. त्रैराशिक शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. आपले उत्तर चुकले तर मफलर आखूड होतो, आणि तो गळ्याभोवती गुंडाळून पाहिला की चूक आपोआप समजते.

श्रमाचा हिशेब

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी हाच हिशेब थोडा पुढे नेला पाहिजे. २५ टाके आणि २१० ओळी म्हणजे ५,२५० टाके. प्रत्येक टाका जाताना एकदा आणि परतताना एकदा हाताळायचा, म्हणजे सुईच्या १०,५०० हालचाली. एका ओळीला तीन मिनिटे लागतात असे धरले तर ६३० मिनिटे, म्हणजे साडेदहा तास होतात. आठ तासांचा कामाचा दिवस मानला तर एका मफलरात सव्वा दिवसाहून अधिक श्रम आहेत. यात किनार, ताणणे, वाळवणे धरलेले नाही. बाजारात तो मफलर लोकरीच्या किमतीहून थोड्याच अधिक दराने मागणारा ग्राहक या साडेदहा तासांची किंमत किती धरतो, हे विद्यार्थ्याने स्वतः काढून पाहावे.

हा हिशेब आमच्या जिल्ह्यातील घरांना नवा नाही. भंडारा-गोंदियाच्या कित्येक मायमाऊल्यांनी ओसरीत बसून तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या वळल्या आहेत. मजुरी हजार विड्यांमागे. पाने भिजवणे, कापणे, धागा बांधणे यांचा वेळ वेगळा धरला जात नसे. वर 'छाट' म्हणून नापास ठरलेल्या विड्यांची मजुरी बुडे. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, तरी घरात बसून काम करणाऱ्या बाईचे तास कोण मोजणार, हा प्रश्न उरलाच.

विणकामाचा इतिहासही या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे देतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्रावणकोर संस्थानातील नागरकोइल येथे मिशनरी स्त्रियांनी मुलींना लेस विणायला शिकवले. ती क्रोशाची नव्हे, लाकडी रिळांवरची लेस होती. त्या काळी तेथे माणसे गुलाम म्हणून विकली जात. या गुलाम घरांतील काही मुलींनी लेसच्या कमाईतून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. संस्थानात गुलामगिरी कायद्याने संपण्याच्या, म्हणजे १८५५ च्या, आधीची ही गोष्ट आहे. दुसरे उदाहरण आंध्रातील नरसापूरचे. तेथील क्रोशाची लेस देशोदेशी जाते. हेही काम मिशनऱ्यांमुळेच आले आणि आरंभी ते शिकणाऱ्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या गरीब स्त्रिया होत्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मिस यांनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसाचे अनेक तास लेस विणूनही या स्त्रिया कामगार म्हणून गणल्या जात नव्हत्या. घरात बसलेल्या बायका फावल्या वेळात काहीतरी करतात, अशी त्यांची नोंद, आणि नफा मात्र निर्यात करणाऱ्या पुरुषांकडे, असे त्यांना आढळले.

दोन्ही ठिकाणी धागा आणि बोटे होतीच. फरक कमाई कोणाच्या हाती पडली यात होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी याच प्रश्नाला हात घातला. कामाचे तास मोजले गेले पाहिजेत, मजुरीला किमान मर्यादा असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याच वर्षी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. यंत्राविषयीचे त्यांचे मत आणि हे कायदे यांचा आशय एकच आहे. माणसाचे श्रम मोजले गेले पाहिजेत आणि त्याला सवड मिळाली पाहिजे.

म्हणून सुई हाती देताना आम्ही तीन गोष्टी पाळतो. पहिली, मुलगे आणि मुली दोघांनीही विणायचे. विणकाम हे बाईचे काम ही समजूत येथूनच मोडली पाहिजे. दुसरी, हे काम अभ्यासाच्या जागी नाही, सवडीत आहे. परीक्षेच्या दिवसांत सुया कपाटात राहतात, आणि ज्याला हे नको असेल त्याने कॅरम खेळावा किंवा पुस्तक वाचावे. पूर्वजांना धंदा जातीने मिळत होता, आमच्या मुलांनी तो निवडायचा किंवा नाकारायचा आहे. तिसरी, प्रत्येक वस्तूसोबत वहीत एक नोंद असते. लोकरीचे वजन व किंमत, टाके, ओळी, लागलेला वेळ आणि त्यावरून काढलेली रास्त किंमत. वस्तू विकायची असो वा धाकट्या भावाला द्यायची असो, नोंद सुटत नाही. उद्या आमची मुलगी बचत गटातून काम करू लागली किंवा एखाद्या व्यापाऱ्याने तिला नगावर काम दिले, तर आपल्या तासाची किंमत तिला तोंडपाठ असावी, एवढी या नोंदीमागची अपेक्षा आहे.

पालकांना आमची विनंती आहे की सुटीत मूल घरी विणू लागले तर त्याला हसू नये, विशेषतः मुलाला. घरातील आजीला क्रोशे येत असेल तर तिने त्याच्या शेजारी बसावे. साखळी आणि मुका खांब तिच्याकडून शिकून घ्यावा आणि लांब सुईची वीण त्याने तिला शिकवावी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी जुन्या सुया, उरलेले गुंडे पडून असतील, त्यांनी ते शाळेकडे पाठवावेत. चौकोन विणण्यास अर्धा गुंडाही पुरतो, आणि वेगवेगळ्या रंगांचे असे चौकोन जोडून वसतिगृहातील लहानग्यांसाठी पांघरूण तयार होते. त्यात प्रत्येक चौकोनाच्या कडेला मुक्या खांबाचा बांध घालावा. आनंदाने चीवरात तशीच भातशेते मांडली होती.

जय भीम.